फ्रेंच उताऱ्यातली रिकामी खुर्ची

विसापैकी चार. पेपर हातात आला तेव्हा मी आधी वरचं नाव तपासलं. माझंच होतं. दहावीला मराठीत मी शाळेतून पहिली आले होते. उतारा असो, कविता असो, रसग्रहणात माझे मार्क कधी कापले गेले नव्हते. आणि इथे, फ्रेंच डिप्लोम्याच्या शेवटच्या वर्षाच्या सराव परीक्षेत, एका पानाच्या उताऱ्याने मला चारवर आणून ठेवलं होतं.

फ्रेंच मी घेतलं ते एका कारकुनामुळे. जळगावच्या कॉलेजात प्रवेश घेताना त्यांनी फॉर्मवर माझ्या गावाचं नाव वाचलं आणि दुसऱ्या भाषेच्या रकान्यात मला न विचारता 'हिंदी' लिहायला घेतलं. मी म्हणाले, "फ्रेंच लिहा." त्यांनी वर पाहिलं. "जमेल?" मी पुन्हा म्हणाले, "फ्रेंच लिहा." फ्रेंच म्हणजे काय याची मला तेव्हा काहीच कल्पना नव्हती. त्यांनी विचारलं नाही, एवढंच मला खटकलं होतं.

आमचं गाव चोपड्याजवळ. घरी केळी आणि कापूस. घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिलीच. बी.ए.सोबत फ्रेंचचा डिप्लोमा करत होते आणि पुढे पुण्याला फ्रेंचमध्ये एम.ए. करावं असं डोक्यात आलं होतं. वडिलांनी, म्हणजे नानांनी, नाही म्हटलं नाही. त्यांनी एक अट घातली. डिप्लोम्याच्या शेवटच्या वर्षी साहित्याच्या उताऱ्याचं विश्लेषण हा विषय असतो, त्याची परीक्षा तोंडी, धुळ्याच्या केंद्रावर, बाहेरगावच्या परीक्षकांसमोर. त्यात पास झाले तर पुणे. नापास झाले तर चोपड्याला बी.एड., आणि मग त्यावर चर्चा नाही. पास व्हायला विसापैकी दहा लागत होते.

काका मात्र ओट्यावर बसून अहिराणीत रोज नवीन काहीतरी काढायचे. "फ्रेंच शिकीसन कोठे जाशी? आपली केयी कंटेनरमा बसीसन परदेशात जास, तिनासंगे तू बी बसी जाय." सगळे हसायचे. मीही हसायचे, पण लक्षात ठेवायचे.

तर चार मार्क. चुकलं कुठे, ते मला मॅडमनी सांगितलं. आम्ही सहा विद्यार्थी आणि एकच मॅडम. नाशिकहून येऊन जळगावात भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या. उतारा कसा वाचतात हे मला त्यांनी शिकवलं, आणि त्यासाठी मी त्यांची आजन्म ऋणी आहे. आमच्या शाळेत रसग्रहण म्हणजे ठरलेली वाट होती. लेखकाने 'सुंदर शब्दांत वर्णन केले आहे' असं लिहायचं, उताऱ्यातलंच आपल्या शब्दांत परत सांगायचं आणि शेवटी बोध द्यायचा. मी फ्रेंचमध्येही बोध देत होते. पहिल्या निबंधाच्या शेवटी मी लिहिलं होतं, 'यावरून आपल्याला शिकवण मिळते की माणसाने शेजाऱ्यांशी प्रेमाने वागावे.' मॅडमनी ते वाक्य खोडलं आणि शेजारी लिहिलं, 'लेखक तुला शिकवायला आलेला नाही.'

त्यांची पद्धत साधी होती, आणि म्हणूनच फार अवघड. आधी समासात पेन्सिलने दर पाच ओळींना आकडा घालायचा. मग विचारायचं, बोलतंय कोण? पाहतंय कोण? ते दोघं एकच आहेत का? कुठली गोष्ट नेहमी घडत असे आणि कुठली एकदाच घडली? कोणते शब्द एकाच घरातले आहेत, म्हणजे थंडीचे, आवाजाचे, अन्नाचे? काय सांगितलेलं नाही? उताऱ्यात लिहिलेलं परत सांगायचं नाही. आणि जे काही म्हणायचं त्यासमोर ओळीचा आकडा द्यायचा. आकडा नसेल तर ते वाक्य कापायचं, कितीही आवडलेलं असो.

मी चार रंगांचा पेन घेतला. क्रियापदं निळी, वस्तू हिरव्या, माणसं लाल. रूममेट म्हणायची, "उतारा वाचतेस की रांगोळी काढतेस?"

आता तो उतारा. एका खेड्यातलं घर, सकाळची वेळ. एक बाई येते. घरात एक माणूस आहे. तो कॉफी करतो. दोघं स्वयंपाकघरात बसतात. भिंतीवरचं घड्याळ बंद आहे. कोणी काही बोलत नाही. कॉफी गार होते. बाई उठते, कोट घालते आणि एक शब्दही न बोलता निघून जाते. तो दारापर्यंत जात नाही, खिडकीतून बघतो. बस, इतकंच. नावं नाहीत, नातं सांगितलेलं नाही.

सगळ्या केंद्रांवर एक छापील मार्गदर्शिका वापरत. तिच्यात या उताऱ्याचा अर्थ दिला होता: दुरावलेलं जोडपं, तुटलेलं नातं, शब्द संपलेले. वर्गातल्या बाकी पाचही जणांनी तेच लिहिलं होतं. मी पहिल्याच वाक्यात लिहिलं, 'या घरात कोणाचा तरी मृत्यू झाला आहे.'

मला दुसरं काही सुचलंच नव्हतं. आमच्याकडे कोणी गेलं की लोक त्या घरी बसायला जातात. आम्ही त्याला दारावर जाणं म्हणतो. तिथून निघताना 'येते' म्हणायचं नसतं. पुन्हा अशा कारणासाठी या घरी येणं नको, म्हणून. उठायचं, पदर सारखा करायचा आणि चालू पडायचं. घरातलं माणूसही दारापर्यंत सोडायला येत नाही. लहानपणापासून हे इतक्यांदा पाहिलं होतं की बाई न बोलता उठली, तो दारापर्यंत गेला नाही, हे वाचल्यावर माझ्यासाठी प्रश्न मिटला होता.

मॅडमच्या खोलीत मी पेपर घेऊन गेले. त्यांनी विचारलं, "मृत्यू कुठे आहे यात? ओळ दाखव."

"ती जाताना काही बोलत नाही, मॅडम."

"रागावलेली माणसंही बोलत नाहीत."

"पण फ्रेंच लोक तर दुकानातून निघतानाही ओ रव्वार म्हणतात. पहिल्याच धड्यात तुम्ही शिकवलं होतं. मग ही का म्हणत नाही?"

"हा प्रश्न चांगला आहे," मॅडम म्हणाल्या. "पण तू प्रश्न लिहिला नाहीस, उत्तर लिहिलंस. आणि ते उत्तर या पानावरून नाही, तुझ्या गल्लीतून आणलंस. आमच्याकडेही 'येते' म्हणत नाहीत, मला माहीत आहे ते. पण हे घर नाशिकचं नाही आणि चोपड्याचंही नाही."

मला राग आला. खरं तर त्यांचं बरोबर होतं, त्याचाच जास्त आला. वसतिगृहावर जाऊन मी पेपर गादीखाली ढकलला.

पुढच्या आठवड्यात गावी गेले तर आमच्या मागच्या गल्लीतले एक आजोबा वारले होते. त्यांची केळीची बाग आमच्या शेताला लागून. दुपारी आईसोबत मी त्यांच्या दारावर गेले. बायका खाली सतरंजीवर दाटीवाटीने बसल्या होत्या. ओट्यावर आजोबांची खाट होती, रिकामी. शिरपूरहून आलेले पाहुणे पायऱ्यांवर बसले, एक जण भिंतीला टेकून उभाच राहिला, पण खाटेवर कोणी टेकलं नाही. आजी प्रत्येक नव्या माणसाला तेच सांगत होत्या, त्याच शब्दांत: सकाळी चहा मागितला, घोट घेतला, पेला खाली ठेवला. मी ऐकत होते आणि माझ्या डोक्यात कोणीतरी ओळींना आकडे घालत होतं. मला स्वतःचीच लाज वाटली. मान खाली घालून बसले.

थोड्या वेळाने आई उठली. आम्ही न बोलता निघालो. गल्ली ओलांडल्यावर तिने विचारलं, "तुना त्या पेपरनं काय जयं? काका म्हने बठ्ठा पेपर लाल करी टाका."

मी तिला चालता चालता तो उतारा सांगितला. बाई आली, बसली, कॉफी गार झाली, न बोलता गेली.

आईने लगेच विचारलं, "कोन गये त्या घरमा?"

मला हसू आलं. "तेच तर मी लिहिलं. त्याचेच चार मार्क भेटनात."

आई दोन पावलं पुढे गेली. मग म्हणाली, "ती बाई कोठे बठनी?"

"म्हणजे?"

"बठनी कोठे? बठाले काय व्हतं तठे?"

मी आठवून पाहिलं. "स्टूलवर. भिंतीपाशी एक स्टूल व्हतं, ते ओढीसन बठनी."

"खुर्च्या नव्हत्यात का?"

मी थांबले. खुर्च्या होत्या. टेबलाभोवती तीन. मोबाईलमध्ये उताऱ्याचा फोटो होता, मॅडमनी वर्गाच्या ग्रुपवर टाकलेला. तिथेच गल्लीत उभी राहून मी तो मोठा करून पाहिला. सातव्या ओळीत: टेबलाभोवती तीन खुर्च्या. नवव्या ओळीत: तिने भिंतीजवळचं स्टूल ओढून घेतलं. तो एका खुर्चीवर बसला. म्हणजे दोन खुर्च्या रिकाम्या असताना ती बाई स्टुलावर बसली. आणि मग मला बाराव्या ओळीत दिसलं की त्याने फळीवरचे तीन वाडगे खाली घेतले आणि एक परत वर ठेवला. फ्रेंच लोक सकाळची कॉफी वाडग्यातून पितात, एवढं मला माहीत होतं, म्हणून वाडगा आला की मी हिरवी रेघ मारून पुढे गेले होते. तीन घेतले आणि एक परत ठेवला, हे मी वाचलं होतं आणि पाहिलं नव्हतं. मार्गदर्शिकेनेही पाहिलं नव्हतं.

"काय जयं?" आई म्हणाली.

"काही नही. चाल."

गावी होते त्या दोन दिवसांत मी तो उतारा इतक्यांदा वाचला की पाठ झाला. आणि एक गोष्ट मला हळूहळू पटली, पटताना त्रास झाला. आईला आणि मला एकच अर्थ दिसला, यावरून काहीच सिद्ध होत नाही. आम्ही दोघी एकाच गल्लीच्या. पण मग दुसरी गोष्टही तितकीच खरी होती. मार्गदर्शिका लिहिणाऱ्याला दोन गप्प माणसं दिसली आणि त्याने लगेच मोडलेला संसार पाहिला. ती त्याच्या गल्लीची सवय. त्याची सवय छापून आली होती आणि माझी हस्ताक्षरात होती, एवढाच फरक. ओळ त्यानेही दाखवली नव्हती. मॅडमची पट्टी मला लागू असेल तर ती त्यालाही लागू व्हायला हवी.

जळगावला परतल्यावर मी मॅडमना ते तीन आकडे दाखवले. सात, नऊ, बारा. त्यांनी उतारा जवळ ओढला, चष्मा काढून वाचला, मग पुन्हा घालून वाचला.

"हे मी चार वर्षं शिकवतेय," त्या म्हणाल्या. मग पेन्सिल घेऊन स्वतःच्या प्रतीत त्या तीन ओळींवर खुणा केल्या.

धुळ्याच्या तोंडी परीक्षेत वर्षभरातला कोणताही एक उतारा आपण निवडायचा, वीस मिनिटं मांडायचा आणि परीक्षकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची. मी मॅडमना सांगितलं की मी हाच घेणार.

"हट्ट करू नकोस. बाजाराचा तो दुसरा उतारा घे. त्यात तुला चौदा आहेत. परीक्षक मार्गदर्शिका समोर ठेवून बसतात."

"मला हाच घ्यायचाय, मॅडम."

"नापास झालीस तर घरचे काय करतील ते मला सांगितलंयस तू."

"हो."

त्यांनी उतारा माझ्याकडे सरकवला. मग म्हणाल्या, "मग एक कर. बोलताना 'मृत्यू' हा शब्द एकदाही वापरू नकोस. पानावर नाही तो. जो पानावर आहे त्याच्यासाठी भांड."

महिनाभर मी त्यावरच काम केलं. मृत्यू काढून टाकला की उरतं काय? उरतं ते इतकंच: या घरात तिघांची जागा आहे आणि दोघंच आहेत. तिसऱ्याचं नाव कोणी घेत नाही. पण त्याची जागा दोघंही सांभाळतात, ती स्टुलावर बसून आणि तो वाडगा परत ठेवून. मग त्यांचं न बोलणं भांडणाचं वाटत नाही. दोघं मिळून एकच गोष्ट करत आहेत. तो तिसरा मेला असेल, गाव सोडून गेला असेल, तुरुंगात असेल, मला माहीत नाही. मला माहीत नाही असं परीक्षेत म्हणायचं धाडस मी आयुष्यात पहिल्यांदा करणार होते.

नाना परीक्षेला सोबत आले. चोपड्याहून बसने तापी ओलांडून आम्ही सकाळीच धुळ्यात पोचलो. परीक्षा तळमजल्यावरच्या खोलीत होती. शिपायाने नानांना व्हरांड्यात खुर्ची दिली. ते टोपी मांडीवर ठेवून बसले.

परीक्षक मोठ्या शहरातून आलेले, पन्नाशीचे, शांत बोलणारे गृहस्थ होते. माझं बोलणं त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. सगळं फ्रेंचमध्येच चाललं होतं आणि माझा उच्चार खानदेशीच होता, त्याला मी काय करणार.

मग त्यांनी मार्गदर्शिका उघडली. "हा उतारा पती-पत्नीच्या दुराव्याचा आहे. तुम्ही ते कुठेच म्हटलं नाहीत."

"ते पती-पत्नी आहेत असं कोणत्या ओळीत आहे, सर?"

त्यांनी उतारा पाहिला. "ते सूचित आहे."

"कशातून?"

"दोघं एका घरात. मौन. ती सोडून जाते."

"ती येते सुद्धा, सर. दुसऱ्या ओळीत ती दार वाजवते. स्वतःच्या घराचं दार कोणी वाजवत नाही."

त्यांनी पेन खाली ठेवला. "तुमच्या मते मग कोणी मेलं आहे?"

मला तो शब्द तोंडाशी आलेला जाणवला. मी म्हणाले, "मला माहीत नाही. उतारा सांगत नाही. एक जागा राखून ठेवली आहे, इतकंच दिसतं."

"तुम्ही मूळच्या कुठल्या?"

मी गावाचं नाव सांगितलं. त्यांनी समजल्यासारखी मान हलवली. "असं बघा, आपल्या खेड्यांतल्या पद्धतींमुळे तुम्हाला खुर्चीत काही वेगळं दिसत असेल. ते स्वाभाविक आहे. पण फ्रेंच साहित्य वाचताना ते बाजूला ठेवायला शिकावं लागतं."

त्या वाक्यात वाईट हेतू नव्हता. तरी मला ते खटकलं. मी म्हणाले, "खुर्ची मला माझ्या गावामुळे दिसली, सर, ते खरं आहे. पण नववी ओळ माझ्या गावची नाही. ती इथे छापलेली आहे. गाव बाजूला ठेवलं तरी ती बाई स्टुलावरच बसते."

बाहेर नाना खोकले.

परीक्षकांनी घड्याळ पाहिलं आणि आवाज थोडा खाली आणला. "मी तुम्हाला मदत करतो. दुरावा हा मुख्य अर्थ आहे आणि खुर्ची हा एक जास्तीचा मुद्दा, एवढं म्हणा. मग मला आणखी काही विचारायचं नाही."

त्यांनी दार उघडून दिलं होतं. एक वाक्य म्हणायचं आणि पुण्याला जायचं. नाना बाहेर बसले होते. बी.एड.चं माहितीपत्रक घरी येऊन पडलं होतं. मला ते वाक्य फ्रेंचमध्ये म्हणता येत होतं, व्याकरणासकट.

"तसं म्हणता येणार नाही, सर. दुराव्याची ओळ मला सापडली नाही. तुम्ही दाखवलीत तर मी आत्ता बदलते."

त्यांनी पेन उचलला. कागदावर लिहीत राहिले. मग म्हणाले, "ठीक आहे. या तुम्ही."

बसस्थानकावर नानांनी दोन चहा सांगितले. त्यांना फ्रेंच कळलं नव्हतं, पण ऐकू आलं होतं.

"साहेब शेवटले बारीक आवाजमा काय सांगी ऱ्हायना व्हता?"

मी सांगितलं.

"मंग म्हनी देती ना. तो मार्क देवाले बठेल व्हता."

"तठे तसं लिखेल नव्हतं, नाना."

नानांनी चहा संपवला. ग्लास टेबलावर ठेवून पैसे दिले. बस लागली तेव्हा माझी पिशवी उचलत म्हणाले, "मंग बरं करं." बरं केलंस, इतकंच; अट मागे घेतली असं काही ते म्हणाले नाहीत. मीही विचारलं नाही.

निकाल लागायला पाच आठवडे लागले. मॅडमनी मला फोन करून बोलावलं आणि गुणपत्रक पुढे सरकवलं. दहा. शेऱ्याच्या जागी परीक्षकांनी लिहिलं होतं, 'अर्थ मान्य नाही. पुरावे दिले आहेत.'

"बाजाराच्या उताऱ्याला चौदा होते," मॅडम म्हणाल्या, पण हसत होत्या.

तो शेरा मी आजही आहे तसाच मानते. त्यांना अर्थ मान्य नव्हता आणि पुरावे नाकारता आले नाहीत. मला कोणाची चौदा मार्कांची मान्यता नको होती. आमच्यासारख्यांनी वर्गात आलो म्हणून आभार मानावेत आणि जे सांगतील ते लिहून घ्यावं, अशी एक अपेक्षा असते, चांगल्या माणसांचीही असते. आभार मी मानते, मॅडमचे तर रोज मानते. पण त्यांनी मला शिकवलं ते लिहून घ्यायला नव्हे, ओळ मागायला.

घरी आले तेव्हा काका ओट्यावरच होते. "दहा? इसमाईन दहा?" त्यांनी आजूबाजूला पाहिलं. "निम्मीच फ्रेंच जयी म्हना."

आई आत कपाशीच्या बियाण्याची पाकिटं लावत होती. तिने तिथूनच विचारलं, "दहामा भागस का?"

"भागस," मी म्हणाले.

"पुनाले जाता येस?"

मी नानांकडे पाहिलं. ते टोपी घालून शेतावर निघाले होते. जाता जाता म्हणाले, "येस."

"मंग दहा काय नि इस काय," आई म्हणाली, आणि पाकिटं बाजूला सारून माझी बॅग काढायला उठली.